कोकणातल्या घराची पडवी जाळीने बंद करायचीय? मग सामान असं निवडा

आमच्या गावच्या घरापुढे बावीस बाय आठ फुटांची पडवी आहे, समुद्र तिथून जेमतेम एक किलोमीटर, आणि संध्याकाळी सहा वाजले की डासांमुळे तिथे चहाचा कप हातात धरून बसणं मुश्कील. म्हणून ती जाळीने बंद केली, ती पण दोनदा, कारण पहिल्या वेळी मी फक्त जाळीचा भाव विचारला आणि बाकी सगळं फॅब्रिकेटरवर सोडून मुंबईला परत आलो. दोन पावसाळ्यांत ती जीआयची (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची) जाळी गंजून लालभडक झाली, कोपऱ्यात बोट लावलं की आरपार. दुसऱ्या वेळी जसं केलं त्या क्रमाने सांगतो, आणि त्यात जाळीचा नंबर शेवटून दुसरा लागतो.

आधी पडवीत नुसतं बसा

शक्यतो जुलैत, भर पावसात. झड कुठून येते, पागोळ्यांचं पाणी उडून किती आत येतं, हे उन्हाळ्यात कळत नाही. आपल्याकडे पावसाळी वारा नैऋत्येकडून, पश्चिमेकडून येतो, त्यामुळे त्या बाजूची पडवी भिजणारच, जाळी लावा नाहीतर नका लावू, जाळीने पाऊस थांबत नाही (हे सांगायला नको, पण आमच्या घरी दोघांना तसं वाटत होतं). वाळवी कुठल्या खांबाला आहे, माकडं कुठून उतरतात तेही बघून ठेवा. आणि वर मान करून बघा, भिंत आणि कौलं यांच्यामध्ये वाशांच्या फटी असतात ना, तिथून अख्खी फौज आत येते. पुढून सगळं बंद केलं आणि वर हे उघडं राहिलं तर पैसे पाण्यात.

खाली कट्टा घ्या

जाळी जमिनीपर्यंत आणू नका. केरसुणी लागते, पाय लागतो, मांजर नख्या मारतं, आणि खालचा फूटभर भाग चिखलाच्या शिंतोड्यांनी कायम घाण. जांभ्याच्या चिऱ्यांचा दीड-दोन फुटी कट्टा बांधा, वर बसायला कडाप्पा टाकला तर उत्तमच. फक्त पडवीत आलेलं पाणी बाहेर जायला कट्ट्याच्या तळाशी भोकं ठेवायला गवंड्याला आधीच सांगा, नंतर ड्रिल मारत बसावं लागतं, आणि त्या भोकांनाही जाळीचे तुकडे लावा. फरशीला बाहेरच्या बाजूला उतार हवा, दहा फुटाला एक-सव्वा इंच पुरतो. गुळगुळीत टाइल्स अजिबात नकोत, पावसाळ्यात म्हातारी माणसं घसरतात. खरखरीत शहाबादी किंवा साधा कोबा बरा.

चौकट

इथे खरा खर्च आहे आणि इथेच लोक चुकतात.

लाकूड दिसायला सगळ्यात छान, जुन्या घराला शोभतंही. सागवान परवडत असेल तर प्रश्नच नाही. फणसाचं लाकूड कोकणात दारांना पूर्वीपासून वापरतात, चांगलं टिकतं, घरचं झाड पडलं असेल आणि फळ्या दोन-तीन वर्षं सुकलेल्या असतील तर बिनधास्त वापरा. आंब्याचं नको, स्वस्त मिळतं पण भुंगा आणि वाळवी लवकर लागते. बाकी कुठलंही लाकूड पावसात फुगतं, म्हणजे जूनमध्ये दार अडकणार आणि मेमध्ये फट पडणार, ती फट डासाला पुरते.

एमएसचे, म्हणजे साध्या लोखंडाचे पाइप फॅब्रिकेटर आधी सुचवतो कारण त्याला वेल्डिंग सोपं पडतं. समुद्राजवळ नको. वरून कितीही ऑइलपेंट मारा, गंज वेल्डच्या जागी आणि पाइपच्या आतून सुरू होतो. घाटावर असाल तर ठीक आहे, रेडऑक्साइड नीट मारून घ्या.

यूपीव्हीसी, म्हणजे खिडक्यांना वापरतात ते कडक प्लॅस्टिक, गंजत नाही, पण मोठ्या मापाला आत लोखंडी सेक्शन टाकावा लागतो आणि तो टाकलाय की नाही हे तुम्हाला बाहेरून दिसत नाही.

आम्ही शेवटी जुने लाकडी खांब तसेच ठेवले आणि दोन खांबांच्या मधे पावडर कोटिंगच्या ॲल्युमिनियमच्या सुट्या फ्रेम बसवल्या. सुट्या म्हणजे चार स्क्रू काढले की फ्रेम हातात, अंगणात नेऊन पाइपने धुवायची, परत लावायची. खाऱ्या हवेत हे धुणं फार महत्त्वाचं आहे. फ्रेमची रुंदी तीन-साडेतीन फुटांच्या वर नेऊ नका, त्यापेक्षा मोठी केली की जाळी सैल पडून वाऱ्यात फडफडते, आणि मधे एक आडवी पट्टी घ्याच. मापं कट्टा पूर्ण झाल्यावर घ्या आणि प्रत्येक गाळ्याचं माप वर, मधे, खाली असं तीनदा घ्या. जुन्या घरात काटकोन नावाची गोष्ट नसते.

स्क्रू स्टेनलेसचेच. एवढं सगळं महाग घेऊन वर साधे लोखंडी स्क्रू मारणारे कारागीर मी पाहिलेत, पुढच्या वर्षी प्रत्येक स्क्रूखाली तांबडा ओघळ.

आता जाळी

डासांसाठी १८ बाय १६ ची वीण घ्या, म्हणजे इंचात एकीकडे १८ आणि दुसरीकडे १६ धागे, भोक साधारण सव्वा मिलिमीटरचं पडतं. खाडीजवळ बारीक चिलटं असतील तर २० बाय २० घ्या, पण वीण जितकी बारीक तितका वारा कमी, आणि एप्रिल-मेच्या उकाड्यात ते जाणवतं. पांढरी जाळी घेऊ नका, उन्हात चमकते आणि बाहेरचं काही दिसत नाही. काळी किंवा करडी घेतली की थोड्या दिवसांत ती आहे हेच विसरायला होतं.

फायबरग्लास स्वस्त, गंजायचा प्रश्न नाही, बहुतेकांना हीच पुरते. फक्त उंदीर कुरतडतात आणि माकडाने हात घातला तर फाटलीच. त्या नावाखाली नायलॉनही विकतात, म्हणून एक तुकडा मागून घ्या आणि बाहेर उघड्यावर काडी लावून बघा. नायलॉन वितळून गोळा होतो, फायबरग्लासचं वरचं कोटिंग जळतं पण आतली काचेची वीण तशीच राहते.

स्टेनलेस घ्यायची तर समुद्रापासून लांब ३०४ ग्रेडची, जवळ असाल तर ३१६ ची. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं म्हणून ती खाऱ्या हवेला जास्त टिकते. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतो, त्यावर जाऊ नका. स्वस्तातलं २०२ पण चुंबकाला फारसं चिकटत नाही, आणि उलट चांगल्या ३०४ ची बारीक ओढलेली तार कधीकधी थोडी चिकटते! त्यापेक्षा बिलावर ग्रेड लिहून मागा, खोटा माल असेल तर माणूस लिहायला कां-कूं करतो. स्टेनलेसची जाळी ॲल्युमिनियम फ्रेमला थेट टेकवू नका, खाऱ्या ओलाव्यात ॲल्युमिनियम खाल्लं जातं. खाचेत रबर बीडिंग दाबून बसवली की जाळी ताणून राहते आणि नंतर बदलायलाही सोपी, पण तार धातूला टेकत नाही ना ते बघून घ्या.

माकडांचा त्रास असेल तर फक्त त्या बाजूला बाहेरून वेल्डमेश (जाड तारांची वेल्ड केलेली जाळी) किंवा ग्रील लावा. सगळीकडे लावलं तर पिंजऱ्यात बसल्यासारखं वाटतं.

दार आणि फटी

दार बाहेर उघडणारं करा, उघडताना दारावर बसलेले डास बाहेरच्या बाजूला ढकलले जातात. स्प्रिंगची बिजागरी लावा कारण दार ओढून घेणं पोरांच्या लक्षात राहत नाही, आणि डेंग्यूचा डास दिवसा चावतो, त्यामुळे दुपारी दार उघडं चालतं असं समजू नका. दाराच्या खाली ब्रशची पट्टी. वाशांमधल्या फटींना जाळीचे तुकडे कापून लाकडी पट्टीने ठोका, हे काम किचकट आहे, आम्हाला पूर्ण दोन दिवस लागले आणि सुताराने वैतागून तिसऱ्या दिवशी दांडी मारली.

झडीच्या बाजूला जून ते सप्टेंबर ताडपत्रीचा गुंडाळता येणारा पडदा लावा, त्याचे हूक फ्रेमला नको, वाशांना मारा. आणि जाळी घेतानाच दोन मीटर जास्तीची आणि बीडिंगचा एक गुंडाळा घेऊन माळ्यावर टाकून ठेवा. आम्हाला पहिल्याच वर्षी, गणपतीत लागला.