तोंडात पाण्याची गाठ आलीये? फोडायच्या आधी हे वाचा

खालच्या ओठाच्या आतल्या बाजूला एक मऊ गुळगुळीत गाठ येते, जराशी निळसर दिसते, दुखत अजिबात नाही पण जीभ सारखी तिथेच जाते. मग कधीतरी जेवताना दात लागून ती फुटते, चिकट पाणी येतं, जागा सपाट होते, घरात सगळे म्हणतात चला गेली, आणि आठवडा-दोन आठवड्यांत परत तिथेच तेवढीच गाठ हजर. क्लिनिकमध्ये असे पेशंट कायम येतात आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी घरी सुईने टोचून झालेलं असतं. म्हणून सगळ्यात आधी तेच सांगते, सुई ब्लेड नख काहीही लावू नका, चुना किंवा मिश्री तर बिलकुल नाही. फोडून ती जात नाही, का जात नाही ते एकदा समजलं की पुढचं सगळं सोपं आहे.

आपल्या ओठांत, गालांत, टाळूवर, जिभेखाली बारीक बारीक लाळेच्या ग्रंथी असतात, शेकड्यांनी. प्रत्येकीतून लाळ बाहेर आणणारी एक छोटीशी नळी. ओठ दाताखाली सापडला, किंवा ओठ चावत बसायची सवय असली, किंवा ब्रेसेसची तार घासत राहिली तर ती नळी तुटते, पण ग्रंथी तिचं काम करतच राहते, लाळ बनतेय आणि बाहेर यायला वाट नाही, मग ती आतल्या आतच साचते. याला म्युकोसील म्हणतात. आता तुम्ही वरून टोचून पाणी काढलं तर काय झालं, नळ गळतोय आणि आपण फरशी पुसतोय. मूळ तसंच आहे. तोंडातल्या कुठल्याही सिस्टचं, म्हणजे पाण्याने भरलेल्या पिशवीचं, हेच, पाणी कुठून येतंय ते शोधायचं आणि उपचार तिथे करायचा.

म्युकोसील लहान मुलं आणि तरुणांमध्ये जास्त दिसतं, बहुतेक वेळा खालच्या ओठातच. त्याला घाबरायचं कारण नाही, तो कॅन्सर नाही. छोटं आणि नवीन असेल तर काही वेळा आपोआप जातं पण, त्यामुळे दोन-तीन आठवडे थांबून बघायला हरकत नाही, त्या काळात ओठ चावायचं सोडा, तिखट-गरम जरा कमी करा, आपोआप फुटली तर कोमट मिठाच्या पाण्याने चूळ भरा आणि बोटं घालू नका. ते पाणी गिळलं गेलं तरी काही होत नाही, लाळच आहे ती.

घरी काय बघायचं

हात धुवा, आरशासमोर उभे रहा, मोबाईलचा टॉर्च लावा. गाठ नेमकी कुठे आहे, ओठ, गाल, जिभेखाली, हिरडी का टाळू. रंग कसा आहे. बोटाने हळूच दाबल्यावर मऊ लागते का दगडासारखी कडक. जवळचा एखादा दात काळपट पडलाय का, हलतोय का. आणि फोटो काढून ठेवा, दर आठवड्याला त्याच अँगलने, कारण "वाढली का हो?" असं विचारलं की कोणालाच नक्की सांगता येत नाही, फोटोत लगेच कळतं.

बऱ्याचदा लोक ज्याला गाठ समजून घाबरतात ती गाठच नसते. जीभ बाहेर ओढून अगदी मागे बघितलं की उलट्या व्ही आकारात मोठे मोठे दाणे दिसतात, ते प्रत्येकाला असतात. टाळूच्या मधोमध हाडाचा कडक उंचवटा काही जणांना जन्मभर असतो, त्याला काही करावं लागत नाही. हिरडीवर पुटकुळी येते, फुटते, खारट पू येतो, परत येते, ती सिस्ट नाही, ती खालच्या किडलेल्या दाताचा पू बाहेर यायची वाट आहे, त्या दाताचा इलाज केल्याशिवाय बंद होणार नाही. आणि तान्ह्या बाळाच्या हिरडीवर किंवा टाळूवर पांढरे मोत्यासारखे दाणे दिसले तर घरातले म्हणतात दात आले, ते दात नसतात, बारीक सिस्ट असतात आणि काही आठवड्यांत आपोआप जातात. फडक्याने घासू नका, आणि मध तर लावूच नका, एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध देणं धोक्याचं आहे. थोडं मोठं बाळ असेल आणि दात येण्याच्या जागी निळसर फुगलं असेल तर तीही तशीच, दात वर आला की बहुतेक वेळा आपली आपण जाते.

जिभेखाली एका बाजूला मोठा फुगा आला असेल तर त्याला रॅन्युला म्हणतात, तो जिभेखालच्या मोठ्या लाळग्रंथीचा असतो. जीभ वर उचलली जाते, बोलताना शब्द जड येतात, कधी कधी तो खाली उतरून हनुवटीखाली गळ्यात सूज दिसते. याची नुसती वरची त्वचा उघडून दिली तर परत यायची शक्यता बरीच राहते, म्हणून वारंवार येणाऱ्या रॅन्युलात सर्जन ती ग्रंथीच काढतात. हे मोठं ऑपरेशन वाटतं, पण तेच टिकतं.

न दुखणारी, न दिसणारी सिस्ट

मला खरं तर जास्त काळजी वाटते ती जबड्याच्या हाडातल्या सिस्टची, कारण ओठावरची दिसते तरी, ही दिसत पण नाही आणि दुखत पण नाही. लहानपणी क्रिकेट खेळताना पुढच्या दाताला बॉल लागला, दोन दिवस दुखलं, थांबलं, विसरून गेलो. आत दाताची नस मेलेली असते. काही वर्षांनी तो दात जरा करडा दिसायला लागतो, थंड लागेनासं होतं, आणि मुळाच्या टोकाला हाडात हळूहळू पाण्याची पिशवी तयार होत राहते, आजूबाजूचं हाड विरघळत जातं. खोल किडलेल्या दाताचंही असंच होतं. जबड्यातल्या सिस्टमध्ये सगळ्यात जास्त आढळणारी हीच, रॅडिक्युलर सिस्ट. लोक येतात तेव्हा ओठाखाली किंवा टाळूवर फुगलेलं असतं, नाहीतर दुसऱ्याच कामासाठी काढलेल्या एक्सरेत अचानक दिसते. म्हणून मार लागलेल्या दाताचा एक्सरे काढून घ्या, दुखत नसलं तरी.

छोटी असेल तर रूट कॅनल नीट झालं की बऱ्याच वेळा ती आपोआप आटते आणि हाड परत भरतं, पण त्याला वेळ लागतो, सहा महिन्यांनी, वर्षाने एक्सरे काढून बघावं लागतं, दुखणं थांबलं म्हणून ते चुकवू नका. मोठी असेल तर ऑपरेशन करून पिशवी अख्खी काढतात आणि मुळाचं टोक कापतात, दात वाचण्यासारखा नसेल तर तोही काढतात. नुसता दात उपटला आणि पिशवी आतच राहिली तर ती पुढे वाढत राहू शकते, त्यामुळे दात काढल्यावर ती जागा स्वच्छ केली का हे डॉक्टरांना जरूर विचारा, विचारायला लाजू नका.

दुसरी येते ती अडकलेल्या दाताभोवती, खालची अक्कलदाढ किंवा वरचा सुळा. मुलाचा सुळा वेळेत आला नाही तर "येईल उशिरा" म्हणून सोडू नका, एक ओपीजी काढा, त्या एका एक्सरेत दोन्ही जबडे पूर्ण दिसतात. तिसरी आहे केराटोसिस्ट, ती जबड्याच्या लांबीत गुपचूप पसरते आणि काढल्यावर परत येण्यात सगळ्यात हट्टी. जागतिक आरोग्य संघटनेने तिला 2005 साली ट्यूमरमध्ये टाकलं होतं आणि 2017 साली परत सिस्टमध्ये आणलं, यावरून डॉक्टरांनाही तिने किती विचारात पाडलं ते समजा. ही निघाली तर पुढची अनेक वर्षं तपासणीला जायचं, सुटका नाही.

मेडिकलमधून अँटीबायोटिकचा कोर्स आणून सिस्ट जात नाही. आत इन्फेक्शन झालं असेल तर सूज उतरते एवढंच, पिशवी तिथेच असते.

कधी थांबायचं नाही

दोन आठवड्यांत न भरलेला फोड किंवा जखम, कडक गाठ, रक्त येणं, पांढरा किंवा लाल चट्टा, ओठ किंवा हनुवटी बधिर होणं, काही कारण नसताना दात हलायला लागणं, मानेत गाठ. यातलं काहीही असेल तर ही सिस्टच असेल असं गृहीत धरू नका. तंबाखू, गुटखा, खर्रा, मिश्री यातलं काही चालू असेल किंवा पूर्वी होतं तर अजून लवकर जा. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे तरी तोंडं बघितली की काय चाललंय ते कळतं. स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का बघा, जात नसतील तर तेही दाखवायचं कारण आहे. आणि जिभेखाली किंवा जबड्याखाली झपाट्याने सूज, ताप, गिळता न येणं, श्वासाला त्रास, असं झालं तर क्लिनिक उघडायची वाट बघायची नाही, रात्र असली तरी थेट मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत.

पहिल्यांदा आपल्या नेहमीच्या दातांच्या डॉक्टरांना दाखवा, ऑपरेशनचं असेल तर ते ओरल सर्जनकडे पाठवतील. खर्चाची अडचण असेल तर सरकारी डेंटल कॉलेजला जा, मुंबईत सीएसएमटीजवळ सेंट जॉर्ज हॉस्पिटलच्या आवारात आहे, महापालिकेचं नायर आहे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरलाही आहे. गर्दी असते, सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा, पण एक्सरेपासून ऑपरेशनपर्यंत सगळं एका छताखाली होतं.

तिथे बायोप्सी म्हटलं की घरचे हात आखडता घेतात, "हत्यार लागलं की पसरतं" म्हणून. तसं होत नाही. तुकडा तपासल्याशिवाय ही कुठली सिस्ट, का भलतंच काही, हे नुसतं बघून खात्रीने कोणी सांगू शकत नाही. बायोप्सीने पसरत नाही, उशिराने पसरतं.

ओठावरची काढायची ठरली तर

इंजेक्शनने जागा बधिर करतात, छोटा काप घेऊन गाठ आणि तिच्या खालच्या त्या बारीक ग्रंथी काढतात, टाके घालतात, साधारण अर्ध्या तासाचं काम. काही ठिकाणी लेझरने करतात. लहान मुलांत कधी कधी गाठीतून नुसता दोरा ओवून आठवडाभर ठेवतात म्हणजे लाळेला नवीन वाट तयार होते. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, शुगर असेल, तर आधी सांगा, पण गोळी आपल्या मनाने बंद करू नका.

बधिरपणा दोन-तीन तास राहतो, तेवढा वेळ मुलाकडे लक्ष द्या, मुलं सुन्न ओठ चावून चावून मोठी जखम करून घेतात, गरम चहा-दूधही तेवढा वेळ नाही. पहिल्या दिवशी बाहेरून बर्फ, जोरात थुंकायचं नाही, स्ट्रॉ नाही. मऊ वरणभात, ताक, नाचणीची पेज, खिमट, सगळं कोमट किंवा गार. दुसऱ्या दिवसापासून जेवणानंतर मिठाच्या कोमट पाण्याच्या चुळा. तंबाखू निदान जखम भरेपर्यंत तरी नाही, आणि बंद झालीच आहे तर परत सुरू करू नका. टाके आठवड्याभरात काढतात किंवा विरघळतात.

काढलेला तुकडा तपासणीला पाठवला का ते विचारा आणि रिपोर्ट घरी आणून एक्सरेसोबत फाईलला लावा. परत तिथेच फुगलं तर पुन्हा घरगुती प्रयोग नकोत, ती फाईल घेऊन त्याच सर्जनकडे जा, शेजारची एखादी ग्रंथी राहिली असेल किंवा टाक्याने नवीन नळी दुखावली असेल, दुसऱ्यांदा काढणं अवघड नसतं.