मुलांना घरातल्या आठवणी भेट देताना या चुका टाळा

आजोबांचं चावीचं घड्याळ, आजीनं विणलेला स्वेटर, आईच्या अक्षरातली वही. अशा वस्तू मुलांकडे जाव्यात असं पुष्कळांना वाटतं आणि ते योग्यच आहे. पण होतं काय, मूल "छान आहे" म्हणतं आणि वस्तू कपाटात जाऊन पडते. यात मुलाचा दोष क्वचितच असतो.

गोष्ट न सांगता वस्तू देणं

ही सगळ्यात मोठी चूक. दहा वर्षांच्या मुलीसाठी ते नुसतं बंद पडलेलं घड्याळ असतं. आजोबांनी ते पहिल्या पगारात घेतलं होतं, रोज रात्री झोपण्याआधी ते न चुकता चावी द्यायचे, काचेवरचा ओरखडा सायकलवरून पडले तेव्हाचा, हे कळलं की ती स्वतःहून घड्याळ कानाला लावून बघते. म्हणून सोबत एक पान लिहून द्या. वस्तू कोणाची, साधारण कोणत्या वर्षाची, घरात कशी आली आणि तिच्याशी जोडलेला एक तरी प्रसंग. शक्यतो हातानंच लिहा, कारण तुमचं अक्षरही पुढे जपलं जाईल.

फक्त मोठेपणाच्या गोष्टी सांगू नका. नोकरी गेली तेव्हा घर कसं चाललं, परीक्षेत नापास झाल्यावर काय केलं, हेही येऊ द्या. अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ मार्शल ड्यूक आणि रॉबिन फायवुश यांनी मुलांसाठी 20 प्रश्नांची एक यादी केली होती. आईबाबांची भेट कशी झाली, ते कुठे वाढले, लहानपणी त्यांना काय आजारपण आलं, असे साधे प्रश्न. ज्या मुलांना घराबद्दल जास्त माहिती होती, त्यांच्यात आत्मविश्वासही जास्त दिसला. मात्र उत्तरं पाठ करून घेतल्यानं हा गुण येत नाही, असं ड्यूक यांनी स्पष्ट सांगितलं आहे. एकत्र बसून बोलणं होतं, खरा फायदा त्याचा.

वय न बघता देणं

तीन-साडेतीन वर्षांच्या आधीचं बहुतेकांना मोठेपणी काहीच आठवत नाही. तान्ह्या बाळाच्या नावानं वस्तू जरूर ठेवा, पण चिठ्ठी लिहून तुमच्याकडेच ठेवा. बटणं, मणी, पिना असलेल्या वस्तू लहानग्यांच्या हाती देऊ नका. जुन्या रंगवलेल्या खेळण्यांच्या रंगात शिसं असू शकतं, त्यामुळे ती फक्त बघण्यापुरतीच.

जपायच्या नादात वस्तू खराब करणं

लॅमिनेशन हा जुन्या पत्रांचा आणि फोटोंचा शत्रू आहे. एकदा केलं की मूळ कागद सुखरूप परत निघत नाही. चिकटपट्टीचा काही वर्षांत पिवळा डाग पडतो, स्टेपलरच्या पिना गंजतात, रबरबँड वितळून कागदाला चिकटतो. रबरातल्या गंधकानं चांदीही काळी पडते.

चिकट पानांच्या अल्बममध्ये फोटो अडकले असतील तर ओढू नका. आधी पानासकट स्कॅन करा किंवा फोटो काढून ठेवा. मग मेण नसलेला डेंटल फ्लॉस फोटोच्या मागून करवतीसारखा अलगद सरकवा. अडतोय असं वाटलं की थांबा.

स्वेटर-शाली धुऊन, पूर्ण वाळवून, स्वच्छ सुती कापडात ठेवा आणि अधूनमधून घड्या बदला, नाहीतर घडीवरच कापड विरतं. माळा आणि न्हाणीघराला लागून असलेली भिंत टाळा. एकीकडे उष्णता, दुसरीकडे ओल.

सगळं फोनमध्ये आहे, असं समजणं

व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवलेला फोटो बारीक होतो, त्याची मोठी प्रिंट चांगली येत नाही. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. जुने फोटो 600 डीपीआयला (स्कॅन किती बारकाईनं होतं त्याचं माप) स्कॅन करा आणि तीन प्रती ठेवा: दोन वेगवेगळ्या साधनांवर, तिसरी दुसऱ्या घरी किंवा क्लाउडवर. जुन्या कॅसेटवर कोणाचा आवाज असेल तर ते काम सगळ्यात आधी. फीत दिवसेंदिवस खराबच होत जाते.

भेटीला अटी घालणं

"हे कधी टाकायचं नाही हं" म्हणत दिलेली वस्तू म्हणजे जबाबदारी. मुलानं रस दाखवला नाही तर रुसू नका, वस्तू ठेवून द्या आणि काही वर्षांनी पुन्हा विचारा. त्याहून बरं, त्यालाच निवडू द्या. मोठ्यांना दागिना महत्त्वाचा वाटतो आणि मूल चष्म्याची डबी मागतं. द्या ना! भावंडं दोन आणि वस्तू एक असेल तर निर्णय तुमच्या हयातीत, दोघांसमोर करा.

फोटोत कोण आहे, हेच माहीत नसेल तर?

मागचा शिक्का, स्टुडिओचं नाव, कपड्यांची तऱ्हा यावरून काळाचा अंदाज येतो. प्रती नातेवाइकांना पाठवा. वयानं मोठ्या माणसांना मात्र समोर बसून दाखवा आणि फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेवा, कारण एका नावावरून पाच गोष्टी निघतात. ओळख पटेल तशी फोटोमागे मऊ पेन्सिलीनं, कडेला, हलक्या हातानं नावं लिहा. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. गुळगुळीत कागदावर पेन्सिल उठत नसेल तर फोटो पाकिटात ठेवा आणि पाकिटावर लिहा, पण आधी लिहून मगच फोटो आत घाला.