पोटात भोसकलेला पेशंट: एका दमात सगळं दुरुस्त करू नका

नवीन सर्जरी रेसिडेंट्ससाठी लिहितोय. गोळी लागलेल्याचं किंवा भोसकलेल्याचं पोट उघडलं की हात शिवशिवतात, आत्ताच सगळं नीट करून टाकू, आणि तिथेच पेशंट हातचा जातो. टेंपरेचर ३५ च्या खाली, रक्ताचा पीएच (आम्लतेचं माप) ७.२ च्या खाली, कडांमधून नुसतं झिरपतंय, गुठळी धरतच नाही, असं झालं की थांबायचं. खरं तर मोठी रक्ताची नस आणि दोन-तीन अवयव एकदम फाटलेले दिसले की तेव्हाच डॅमेज कंट्रोल (आधी फक्त रक्त आणि घाण थांबवायची, दुरुस्ती नंतर) ठरवा, आकडे बिघडायची वाट बघू नका.

चीर वरपासून खालपर्यंत. गुठळ्या हातानेच काढा, पोटाच्या चारही कोपऱ्यांत मॉप (रक्त शोषणारी जाड कापडं) दाबून भरा आणि अ‍ॅनेस्थेशियावाल्यांना रक्त चढवायला वेळ द्या. मग एकेक कोपरा बघा, नस बांधा किंवा शंट (रक्त वाहतं ठेवणारी तात्पुरती नळी) टाका, लिव्हर असेल तर पुन्हा पॅक, प्लीहा फाटली असेल तर काढूनच टाका, शिवत बसायची ही वेळ नाही. आतड्याची भोकं स्टेपलरने बंद, नसेल तर कापडी टेपने बांधा. आतड्याची जोडणी नाही, स्टोमापण (आतड्याचं तोंड पोटावर काढणं) नाही! पोट शिवायचं नाही, निर्जंतुक सलाईनची पिशवी कापून कडांना शिवा, हीच बोगोटा बॅग. तासा-दीड तासात ओटीबाहेर. किती मॉप आत ठेवले ते नोट्समध्ये ठळक लिहा, ड्युटी बदलली की कुणालाच आठवत नाही.

डॅमेज कंट्रोल हा शब्द नौदलाचा, जहाज आधी तरंगत ठेवायचं. फिलाडेल्फियात रोटोंडो आणि श्वाब या सर्जननी १९९३ मध्ये असेच पेशंट मोजले: मोठी नस अधिक दोन किंवा जास्त अवयव, त्यात असं टप्प्याटप्प्याने केलेल्या १३ पैकी १० वाचले, एकदम सगळं केलेल्या ९ पैकी १. आकडे छोटेच आहेत, पण बघून गप्प बसायला होतं.

आयसीयूत गरम ठेवा, रक्त-प्लाझ्मा-प्लेटलेट सारख्या प्रमाणात, कॅल्शियम विसरू नका. ट्रानेक्झामिक (गुठळी टिकवणारं औषध) मात्र जखमेपासून ३ तासांच्या आत, म्हणजे कॅज्युअल्टीतच सुरू. लघवी कमी झाली आणि ब्लॅडर प्रेशर (मूत्राशयातून मोजलेला पोटातला दाब) २० मिमी पाऱ्याच्या वर गेलं तर बॅग असूनही पोट आतून आवळतंय, ती सैल करा.

२४ ते ४८ तासांनी परत ओटी. मॉप सलाईनने भिजवून हळू काढा, नाहीतर गुठळी उपटून येते. जोडणी आता करा. बंद करण्याआधी एक्स-रे काढा, मोजणी बरोबर आली तरी काढा.