जिवंत आमिष निवडताना या चुका टाळा, डबीत काय जिवंत आहे ते आधी बघा

गळ टाकून दोन तास झाले, फ्लोट (दोरीला बांधलेला, पाण्यावर तरंगणारा तुकडा) जागचा हलत नाही आणि शेजारी बसलेला माणूस त्याच पाण्यातून तिसरा मासा काढतोय. असं झालं की बहुतेक जण जागा बदलतात, नाहीतर इथल्या माशांना गांडूळ चालत नाही म्हणून मोकळे होतात. माझं ऐकाल तर आधी गळ वर ओढून त्याच्यावर काय लटकतंय ते बघा, कारण दहातल्या आठ वेळा तिथे पांढरं पडलेलं, ढिलं, मेलेलं काहीतरी असतं. गांडूळ की अळी की छोटा मासा हा प्रश्न नंतरचा, आधी ते हलतंय का ते बघा.

सगळ्यात मोठी चूक सांभाळण्यात होते. गांडूळ कातडीतून श्वास घेतं, त्याला फुप्फुसं नसतात, त्यामुळे कातडी सुकली की ते गुदमरतं आणि डबीत चिखल करून ठेवला तरी हवा पोचत नाही म्हणून मरतं. ओल किती हवी ते हाताला कळतं, माती किंवा भिजवलेल्या कागदाच्या चिंध्या मुठीत घट्ट दाबल्या की एखाद-दुसरा थेंब पडला पाहिजे, धार लागली तर पाणी जास्त झालंय. एकदा मी भरलेली डबी बंद गाडीत उन्हात ठेवून फक्त अर्ध्या तासासाठी पाणी बघायला गेलो आणि परत येऊन झाकण काढलं तर आत फेसाळलेला गाळ आणि डोळ्यात जाईल असा वास, पन्नास-साठ गांडुळं गेली. ती डबी मी अजून विसरलेलो नाही. तेव्हापासून डबी सावलीत, ओल्या फडक्यात गुंडाळून, आणि मेलेलं एक जरी दिसलं तरी लगेच बाहेर, कारण एक सडलं की बाकीच्यांना वेळ लागत नाही. निवडताना बोटाने हळूच टोचा, चटकन अंग आखडून घेतलं तर तेच गळाला लावा.

आता छोटे मासे, इथे तर लोक फारच हाल करतात. बादलीत नळाचं पाणी भरतात, त्यातलं क्लोरीन माशांचे कल्ले जाळतं. पाणी उघड्या भांड्यात दिवसभर ठेवलं तर क्लोरीन उडून जातं पण काही ठिकाणी क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियापासून बनलेलं जंतुनाशक) घालतात, ते असं उडत नाही, त्याला मत्स्यालयवाल्यांकडे मिळणारं औषध लागतं. सगळ्यात बरं म्हणजे मासे ज्या पाण्यातून आणले तेच पाणी वापरायचं. दुसरं म्हणजे गर्दी. 10 अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे साधारण 11 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 30 अंशाला तो साडेसातच्या आसपास येतो, म्हणजे उन्हाळ्यात तेवढ्याच बादलीत तेवढेच मासे ठेवले तर ते वर येऊन तोंड उघडझाप करणारच. असं दिसलं की मासे कमी करा, बॅटरीचा एअर पंप लावा. बर्फ टाकायचा असेल तर बंद बाटलीत घालून टाका, थेट नको, पाणी एकदम गार झालं तरी ते दगावतात.

मग माशाच्या तोंडाचा हिशोब. लहान तोंडाच्या माशांसाठी अख्खं लांब गांडूळ लावलं की ते कडेकडेने कुरतडतात, फ्लोट टिकटिक हलतो, ओढलं की गळ रिकामा. हे होत असेल तर अर्धं गांडूळ आणि बारीक गळ. गळाचा नंबर उलटा चालतो हे नवीन लोकांना कुणी सांगत नाही, 10 नंबर हा 6 नंबरपेक्षा लहान असतो. कॅटफिशसारख्या वासावर येणाऱ्या माशाला दोन-तीन गांडुळांचा झुपका चालतो, मरळ किंवा बाससारख्या शिकाऱ्याला पळणारं काहीतरी हवं असतं.

लावायची पद्धत पण बघा. गांडूळ पूर्ण ओवून गोळा केला तर हालचाल संपते, शेपटीकडचा भाग मोकळा सोडा. छोटा मासा रीळ गुंडाळत ओढणार असाल तर ओठांतून, फ्लोटखाली एका जागी सोडणार असाल तर पाठीवरच्या पराच्या मागे, पण कण्याच्या वर, कणा दुखावला की त्याचं पोहणं संपलं. रातकिड्याला डोक्यामागच्या कडक कॉलरमधून. माशीच्या अळीच्या बोथट टोकाला दोन काळे ठिपके असतात, ते डोळे वाटतात पण ती तिची श्वासाची छिद्रं आहेत, त्याच टोकाच्या कातडीला नुसतं कडेने टोचायचं. आतला पांढरा रस बाहेर आला तर ती अळी बाद. आणि हो, मच्छर पळवायचं औषध लावलेल्या हातांनी आमिष धरू नका, आधी हात धुवा.

मासा गळ पोटापर्यंत गिळतोय का? जिवंत आमिषात हे जास्त होतं कारण मासा ते बिनधास्त गिळतो आणि आपण वाट बघत बसतो. मासा सोडून देणार असाल तर गोल वळलेला सर्कल हूक घ्या, झटका न देता लाइन ताणत न्या, तो बहुतेक वेळा तोंडाच्या कोपऱ्यात अडकतो.

शेवटी उरलेलं आमिष. जीव वाचवला असं समजून ते पाण्यात सोडू नका, मी पण पूर्वी सोडायचो, आता वाईट वाटतं. दुसऱ्या पाण्यातले मासे, त्यांचे रोग, बादलीतले किडे सगळं तिथे जातं. उत्तर अमेरिकेच्या उत्तरेकडच्या जंगलांत हिमयुगानंतर गांडुळं नव्हतीच, बाहेरून आलेल्या गांडुळांनी तिथला पालापाचोळ्याचा थर खाऊन टाकला, त्यात गळाची उरलेली गांडुळं पण आहेत. आयर्लंड आणि स्कॉटलंडमध्ये गोड्या पाण्यात जिवंत मासा गळाला लावायलाच बंदी आहे, म्हणून जिथे जाणार तिथला नियम आधी वाचा. बादलीतलं पाणी काठापासून लांब, कोरड्या जमिनीवर ओता, उरलेली गांडुळं त्यांच्या ओल्या मातीसकट परत घरी न्या, गार जागी ठेवलीत तर पुढच्या खेपेलाही कामाला येतात.