मोठ्या संख्येचे अवयव काढताय? या चुका टाळा

मोठी संख्या हाती आली की ती स्प्रेडशीटमध्ये चिकटवायची, हा बहुतेकांचा पहिला उद्योग. इथेच घोडं पेंड खातं. पहिले १५ अंक धरून ठेवायचे आणि पुढच्या जागी मुकाट शून्यं भरायची, ही स्प्रेडशीटची रीत. चूक झाल्याचं ती सांगत नाही.

मध्यंतरी एकाने मला २ चा ६७ वा घात वजा १ या संख्येचे 'गुणधर्म' पाठवले, छान रंगीत तक्ता करून. सम आहे, ३ ने भाग जातो, ५ नेही जातो. शीटमधला आकडा होता १४७५७३९५२५८९६७६००००००. अरे बाबा, सम संख्येतून १ काढल्यावर सम कशी उरेल? खरी संख्या १४७५७३९५२५८९६७६४१२९२७. शेवटचे सहा अंक गेले, तशी अंकांची बेरीज १०९ ची ८४ झाली आणि ३ नेही भाग जायला लागला. या संख्येचा सर्वांत लहान मूळ अवयव आहे १९३७०७७२१ आणि दुसरा ७६१८३८२५७२८७. फ्रँक नेल्सन कोल या गणितज्ञाने १९०३ मध्ये हे अवयव मांडले तेव्हा संगणक नव्हते. आपल्याकडे आहेत, तरी ही गत.

माझी सवय अशी की यंत्राला हात लावण्याआधी एकक अंक काढायचा. २ च्या घातांचे एकक २, ४, ८, ६ असे फिरतात. ६७ ला ४ ने भागून ३ उरतात, म्हणून ८, वजा १, म्हणजे ७. उत्तराचा शेवट ७ नसेल तर पुढे बघायचंच नाही. आणि कॅल्क्युलेटरवर आकड्यात 'ई' दिसला (म्हणजे मागचे अंक गाळून संख्या १० च्या घातात दाखवली) की तो बंद करायचा.

दुसरी चूक उतावळ्यांची. "२ पासून १३ पर्यंत पाहिलं, भाग जात नाही, म्हणजे मूळ संख्या." १०,००,००१ घ्या. पहिल्या पंचवीस मूळ संख्यांपैकी एकीनेही भाग जात नाही, सव्विसावीने जातो: १०१ × ९९०१. वर्गमूळापर्यंत, म्हणजे इथे हजारपर्यंत, जावंच लागतं. त्यात १६८ मूळ संख्या आहेत. कंटाळा येतो, मान्य; मग 'मूळ' म्हणू नका, 'अजून अवयव सापडला नाही' म्हणा. फर्माची कसोटी (संख्या मूळ असेल तर पायाचा तितकाच घात वजा पाया याला तिने भाग जातो) लावून मोकळं होणाऱ्यांनी ३४१ पाहावी: २ हा पाया घेतला तर पास होते, आणि आहे ११ × ३१.

अंकांची बेरीज करून भाग जातो का ते पाहणं ३ आणि ९ साठीच. १८९९ ची बेरीज २७, पण २७ ने भाग जात नाही.

४ ने आणि ६ ने भाग गेला म्हणून २४ ने जाईलच असं नाही. ३६ बघा.

विभाजक मोजताना प्रत्येक घातांकात १ मिळवून मग गुणाकार. ३६०३६० मध्ये २ चा घात ३, ३ चा २, आणि ५, ७, ११, १३ एकेकदा: ४ × ३ × २ × २ × २ × २ = १९२. नुसते घातांक गुणले तर ६ येतात, आणि तेही लोक बिनदिक्कत लिहून मोकळे होतात.