शहिदाच्या गावात गाणं कसं लावायचं

वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी-आष्टी भागात माझं मंडप अन् साऊंडचं काम आहे. लग्न, भागवत सप्ताह, पोळा, सरपंचाचा सत्कार, सगळं करून झालं. पण घाम फुटतो तो जवानाच्या अंत्यविधीला. लग्नात गाणं चुकलं तर नवरदेवाचा मामा दोन शिव्या देतो अन् पंगतीत बसला की विसरतो. इथे चुकलं तर गाव वीस वर्षं विसरत नाही. माझ्या हातून चुकलेलं आहे, म्हणून सांगतो.

आता दर दोन गावांमागे एक डीजेवाला झाला आहे. पोरं रात्री अकराला फोन करतात, "भाऊ, उद्या जवानाची बॉडी येनार हाय, कोनते गाने लावू?" एकेकाला सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवतो.

यादी नंतर, आधी घर

आदल्या संध्याकाळी त्या घरी जाऊन या. आईला, बायकोला काही विचारायचं नाही. चुलतभाऊ किंवा मामा बाहेर खाटेवर बसलेला असतो, त्याच्याजवळ बसा. पोराचं लग्न झालं होतं का, लेकरं किती मोठी आहेत, घरात बीपी-हार्टचं कोणी आहे का, बायका कुठे बसणार, एवढं हळूच काढून घ्या. अन् एक गोष्ट हमखास विचारा: त्याच्या मोबाईलच्या स्टेटसला कोणतं गाणं असायचं? बहुतेक फौजी पोरांच्या स्टेटसला एखादं ठरलेलं असतं. ते गाणं उद्याच्या यादीतून काढा. गावाला ते देशभक्तीचं गाणं वाटतं, घरच्यांना तो स्वतः आल्यासारखा वाटतो.

परत येताना भोंगे कुठे लागतील ते पाहून घ्या. घराकडे तोंड करून एकही लावायचा नाही.

गाणं कोणाशी बोलतं?

युद्धाची गाणी सगळी सारखीच, असं पोरांना वाटतं. तिरंगा, बंदूक, शहीद हे शब्द आले की लाव. मी एकच प्रश्न विचारतो: हे गाणं कोण कोणाला म्हणतंय? त्यावरून त्याची जागा ठरते.

'ऐ मेरे वतन के लोगों' घ्या. २० ऑक्टोबर १९६२ ला चीनचा हल्ला झाला, २१ नोव्हेंबरला युद्ध थांबलं, अन् आपण हरलो होतो. दोन महिने उलटल्यावर, २७ जानेवारी १९६३ ला दिल्लीत लताबाईंनी नेहरूंसमोर हे गाणं म्हटलं. शब्द कवी प्रदीप यांचे, चाल सी. रामचंद्रांची, म्हणजे आपल्या पुणतांब्याच्या माणसाची. कोणत्या सिनेमात ते नव्हतं. त्यात शत्रूला शिवी नाही, विजयाची बढाई नाही, विजय झालाच कुठे होता? ते गाणं बोलतं आपल्याशी, मागे राहिलेल्या माणसांशी. म्हणून ते कोणत्याही दारात चालतं. २०२२ पासून तर २९ जानेवारीला दिल्लीच्या बीटिंग रिट्रीटमध्ये, म्हणजे प्रजासत्ताक दिनाच्या समारोपाला, फौजेचा बँडही त्याची धून वाजवतो. त्याआधी तिथे वर्षानुवर्षं एक इंग्रजी प्रार्थना वाजत होती.

त्याच युद्धानंतर मराठीतही गाणं आलं. १९६३ च्या 'छोटा जवान' मधलं 'जिंकू किंवा मरू'. गदिमांचे शब्द, वसंत देसाईंची चाल, महेंद्र कपूरचा आवाज. हे निघालेल्या माणसाशी बोलतं. पाय आपोआप ठेका धरतात. शाळेच्या प्रभातफेरीला याच्यासारखं दुसरं नाही. तिरडीसमोर मात्र नाही. युद्ध तेच, साल तेच, पण एक गाणं निघणाऱ्यांचं अन् दुसरं उरलेल्यांचं.

१९६४ च्या 'हकीकत' मधलं 'कर चले हम फिदा' मरणाऱ्याच्या तोंडचं आहे. कैफी आझमींचे शब्द, मदन मोहनची चाल अन् रफीसाहेबांचा आवाज, चूक काढायला जागा नाही. पण सरणाजवळ ते लावलं की जणू पेटीतला पोरगाच बोलतो. पहिल्या दिवशी नाही, तेरवीलाही नाही. वर्षानंतर पुतळ्याचं अनावरण असलं तर बेधडक लावा.

'बॉर्डर'च्या गाण्याचं माझंच सांगतो. कॅसेटचा जमाना होता, कारगिल होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. पिक्चर १९९७ चा, गोष्ट १९७१ च्या लोंगेवालाची. 'संदेसे आते हैं' तेव्हा प्रत्येक रसवंतीवर वाजत होतं. मी नवीन होतो, वाटलं याच्याहून चांगलं काय असणार. पार्थिव यायचं होतं, ओसरीत बाया बसल्या होत्या. गाणं निम्म्यावर आलं अन् त्या पोराची माय उठली. रडत नव्हती. चालत माझ्या टेबलापर्यंत आली, मशीनवर हात ठेवला अन् म्हणाली, "बंद कर रे बावा. दिवाईले येतो म्हनला होता तो."

ते गाणं घराकडून सीमेवर विचारतं, कधी येशील? जिवंत फौजीसाठी ते सोनं आहे, सुटीवर आलेली पोरं अजून ते लावायला सांगतात. पण ज्या घरी त्या प्रश्नाचं उत्तर लाकडी पेटीतून येत होतं, तिथे मी तो प्रश्न भोंग्यातून विचारत होतो. ती बटण दाबायला खाली वाकली नाही, तिला ते कुठे आहे माहीतच नव्हतं. तिचा हात मशीनवर तसाच होता अन् मला त्याच्या खालून बटण शोधावं लागलं.

नव्या गाण्यांत पोरं 'तेरी मिट्टी'चं नाव घेतात. त्याची गंमत अशी की पिक्चर १८९७ च्या सारागढीच्या लढाईचा आहे. पण तो आला मार्च २०१९ मध्ये, पुलवामानंतर पाच आठवड्यांनी. १४ फेब्रुवारीला सीआरपीएफचे चाळीस जवान गेले होते, त्यात दोघं आपल्या बुलढाणा जिल्ह्यातले. गाणं पुलवामासाठी बनलेलं नव्हतं, पण लोकांनी ते उचलून तिथेच नेऊन ठेवलं, अन् आता पुलवामाची आठवण त्याच्याशिवाय निघत नाही. चालेल, फक्त मूळ चालीत. त्याचं डीजे रिमिक्स मी एका मेणबत्ती मोर्चात ऐकलं आहे. खाली बास धडधडतो अन् वर गायक बी प्राक रडतो. मोर्चातली दोन पोरं नाचायला लागली होती. त्यांना तरी काय बोलायचं, ठेकाच तसा होता.

'मेरे देश की धरती' १५ ऑगस्टला ठेवा. १९६५ चं युद्ध अन् शास्त्रीजींची 'जय जवान, जय किसान' ही घोषणा, त्यातून १९६७ चा तो पिक्चर निघाला. आमच्याकडे माती सोनं पिकवते हे ऐकून कापूसवाले एकमेकांकडे पाहून हसतात, पण गाणं पूर्ण ऐकतात.

मशीनचं

डीजेचा बास बॉक्स घरी ठेवा. दोन कॉलम म्हणजे उभे स्पीकर, लांबच्या गर्दीसाठी दोन भोंगे, एवढं पुरे. मिक्सरवर इको पूर्ण बंद, नाहीतर नावं पुकारणारा जत्रेतला वाटतो. आवाज किती? तिसऱ्या रांगेतली दोन माणसं हळू बोलली तरी एकमेकांना ऐकू आलं पाहिजे, एवढाच. जनरेटर गोठ्यामागे, जेवढी वायर पुरेल तेवढा दूर. लाईट हमखास जाते.

नेटवरून थेट गाणं लावायचं नाही. माझ्याकडच्या पोरानं एकदा लावलं अन् लताबाईंचा आवाज चढत असताना मधेच दाढीच्या ब्लेडची जाहिरात सुरू झाली. पाचशे माणसं, अन् भोंग्यातून गुळगुळीत दाढी. तेव्हापासून माझ्याकडे वेगळा पेन ड्राईव्ह आहे, लाल दोरा बांधलेला. त्यात पाच गाणी आहेत, सहावं काही नाही. एक गाणं संपलं की मशीन थांबतं, दुसरं आपोआप लागत नाही. लग्नाच्या पेन ड्राईव्हमध्ये फोल्डर करून चालणार नाही, बोट घसरतंच. अन् ज्याचा मोबाईल मशीनला जोडलेला असेल, त्याला फोन येतोच.

कॉर्डलेस माईक आपल्या खिशात ठेवा. प्रत्येक गावात एक जण असतो, जो येऊन कानात सांगतो, "साहेब येऊन रायले, जोशवालं लाव." एक पोरगं असतं, ज्याला मुर्दाबादच्या घोषणा द्यायच्या असतात. दोघांनाही मी एकच सांगतो, सेल उतरला.

वाट पाहण्याचे तास

हा भाग सर्वात कठीण, अन् याचा विचार कोणी करत नाही. पार्थिव विमानानं नागपूरला येतं, तिथून गाडीनं. नऊ वाजता येणार म्हणतात अन् तीन वाजतात. लोक सकाळपासून उन्हात बसलेले. चार गाणी सहा तास फिरवली की दुपारी बारापर्यंत माणसं दगड होतात, लेकरं त्याच गाण्यावर लपाछपी खेळायला लागतात. मी अर्ध्या तासाला एकच गाणं लावतो. बाकी वेळ मशीन बंद.

ती मधली जागा खंजेरीला द्या. आपल्याकडे जवळपास प्रत्येक गावात गुरुदेव सेवा मंडळ आहे, चार म्हातारे खंजेरी घेऊन येतात, त्यांना माईकही लागत नाही. कोणतं गाणं कुठे म्हणायचं हे, मंडळ काढणाऱ्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांना आमच्याहून जास्त कळत होतं. १६ ऑगस्ट १९४२ ला, नागपंचमीच्या दिवशी, चिमूर अन् आमच्या आष्टीत जे पेटलं, त्यामागे महाराजांची भजनं होती, झाडं शस्त्र होतील अन् दगड बॉम्ब होतील असं सांगणारी. इंग्रजांनी त्यांना तुरुंगात टाकलं ते काही उगाच नाही. पण त्याच खंजेरीवर बंधुभावाची प्रार्थनाही झाली. म्हाताऱ्यांना फक्त एवढंच सांगायचं, "बुवाजी, आज प्रार्थनेचंच म्हना." ते समजतात. एक बुवाजी तर मलाच म्हणाले, "तू आपले तार पाय, आमाले नको शिकवू."

गाडी दिसली की

मेन स्विच बंद. लाल दिवाही दिसला नाही पाहिजे. इथून पुढे ते काम फौजेचं आहे. बंदुका उलट्या धरून शोकशस्त्र होतं, तीन फैरी झडतात, बिगुलावर 'लास्ट पोस्ट' ही निरोपाची धून वाजते. मी एकदा उत्साहानं बिगुलवाल्यासमोर स्टँड नेऊन ठेवला होता. साहेबांनी काही न बोलता तो उचलला अन् बाजूला ठेवला. बिगुल उघड्या शिवारात धुऱ्यापर्यंत जातो, त्याला माझ्या माईकची काय गरज?

तिरंग्याची घडी घरच्यांच्या हातात दिली की कोणीतरी तुमच्याकडे पाहील, आता लावा म्हणून. मान हलवून नाही म्हणा. अग्नी दिल्यावर लोक आपोआप पांगतात, त्यांना गाणं लागत नाही.

सीमेवर न गेलेले

पुलगावच्या दारूगोळा भांडारात ३१ मे २०१६ ला मध्यरात्रीनंतर आग लागली, त्यात अधिकारी गेले अन् आग विझवणारे जवानही गेले. १ मे २०१९ ला गडचिरोलीत जांभुळखेड्याजवळ स्फोटात पंधरा पोलीस अन् त्यांच्या गाडीचा ड्रायव्हर गेला. त्या सकाळी मी ग्रामपंचायतीत झेंड्याला 'जय जय महाराष्ट्र माझा' लावून घरी आलो होतो, नागपूरच्या राजा बढ्यांचं गाणं. दुपारी बातमी आली तेव्हा भोंगे अजून खांबावरच होते.

अशा माणसांसाठी बर्फ, सरहद्द, दुश्मन असली गाणी लावली की ती परक्याची वाटतात. तिथे कुसुमाग्रजांची 'अनाम वीरा' लावा. ज्याच्या नावानं खांब नाही की दिवा नाही, त्याची ती कविता आहे. कुणी विचारतं, हे जुनं काऊन लावलं? एकदा पूर्ण ऐकू द्या, मग विचारत नाहीत. अन् १ मे ला आता मी झेंड्याचं गाणं संपलं की दोन मिनिटं मशीन बंद ठेवतो.

दोन मिनिटं शांतता ठेवायची असेल तर तिला पार्श्वसंगीत लावू नका, बासरीसुद्धा नको. आपल्या लोकांना शांत उभं राहणं शिकवावं लागत नाही. तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला त्यांच्या आश्रमाच्या गावी, मोझरीत, दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी जो जिथे आहे तो तिथे थांबतो. मी तिथे उभा राहिलो आहे. एवढी माणसं, अन् कुठल्या तरी लेकराचा खोकला तेवढा ऐकू येतो. गावातल्या कार्यक्रमाला सूत्रसंचालक दीड मिनिटातच "धन्यवाद" म्हणून मोकळा होतो. त्याच्या हातून माईक आधीच घेऊन ठेवा.

राहिला पैशाचा हिशेब. अशा कामाचे पैसे मी घेत नाही, डिझेलचेही मागत नाही, पण कुणी जबरदस्तीनं खिशात घातले तर परत करून तमाशा करत नाही. सामान आवरताना भोंगे लोखंडी शिडीवरून खाली फेकायचे नाहीत, दोरीनं उतरवायचे. अन् गाडी सुरू करण्याआधी टेप पाहा, लग्नाची कॅसेट नाहीतर पेन ड्राईव्ह आत अडकलेला असतो.