होकार देण्याआधी हिशेब मागा

निवडणूक सुधारणांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेच्या कार्यकारिणीवर मी सहा वर्षं स्वयंसेवक म्हणून होते. तुम्हाला असं बोलावणं आलं, तर आधी संस्थेची घटना, मागच्या तीन वर्षांचे तपासलेले हिशेब आणि वर्षभराच्या बैठकांची इतिवृत्तं मागून घ्या. मी काहीच मागितलं नव्हतं. काम पटत होतं, माणसं ओळखीची होती, म्हणून लगेच हो म्हटलं.

दुसऱ्या वर्षी देणग्यांची यादी सावकाश वाचली, तेव्हा कळलं की आदल्या वर्षीची एक मोठी रक्कम निवडणुकीला उभ्या असलेल्या माणसाच्या जवळच्या नातलगाने दिली होती. त्या ताळेबंदावर माझीही सही होती, न वाचता केलेली. पक्षांनी देणगीदारांची नावं जाहीर करावीत, अशी पत्रकं आम्ही त्याच महिन्यात वाटत होतो! पैसे परत केले, सभासदांना पत्र लिहून सगळं सांगितलं. तेव्हापासून मोठी देणगी स्वीकारण्याआधी कार्यकारिणीपुढे येते आणि देणगीदारांची यादी दरवर्षी प्रसिद्ध होते. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी निवडणूक रोखे (पक्षांना नाव गुप्त ठेवून देणगी देण्याची योजना) रद्द केले, ते मतदाराच्या माहितीच्या हक्कासाठी. आपल्या सभासदांनाही तो हक्क आहे, असंच मी मानते.

तुम्ही एखाद्या पक्षाचे सदस्य असाल किंवा घरातलं कुणी उमेदवार असेल, तर ते पहिल्याच बैठकीत सांगा, इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा आणि तो विषय निघाला की बाहेर थांबा. ठराव पटला नाही तर भिन्नमत नोंदवा. पत्रकातले शब्द मात्र कार्यकर्त्यांवर सोडा. कार्यकारिणीने दिशा, पैसा आणि धोके बघायचे.

धोक्यांमध्ये उशीर आणि पराभवही धरा. न्यूझीलंडमध्ये शाही आयोगाने मिश्र प्रमाणशीर पद्धत (पक्षांना एकूण जागा मतांच्या प्रमाणात देणारी) १९८६ मध्ये सुचवली, १९९३ च्या सार्वमतात ती मंजूर झाली आणि तिच्यानुसार पहिली निवडणूक झाली १९९६ मध्ये. ब्रिटनमध्ये २०११ च्या सार्वमतात पर्यायी मतपद्धत (उमेदवारांना पसंतीक्रम देण्याची) सुमारे ६८ टक्के मतदारांनी नाकारली. असा निकाल लागला की देणग्या आटतात, माणसं गळतात. म्हणून मोहीम ऐन भरात असतानाच खजिनदाराला विचारा: उद्या हरलो तर पगार किती महिने देता येतील? आम्ही सहा महिन्यांची गंगाजळी ठेवायची ठरवलं. ती जमवायला दोन वर्षं लागली, आणि त्यासाठी मोहिमेतली एक आवडती यात्रा पुढे ढकलावी लागली. मला तो निर्णय आजही योग्य वाटतो.

महिन्याचे सात-आठ तास काढता येतील तरच हो म्हणा, आणि त्यातला निम्मा वेळ बैठकीआधीच्या वाचनाला ठेवा. घटनेत पदाची कमाल मुदत नसेल, तर ती घालण्याचा ठराव पहिल्याच वर्षी मांडा. पुढे स्वतःच्या खुर्चीबद्दल तो मांडणं जड जातं.